चित्राची मातृभाषा

पेणमध्ये 'कारखाना' या शब्दाला यंत्रांचा आवाज नाही. येथे कारखाना म्हणजे गणपती घडवण्याची जागा. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत अशा आसपासच्या गावांत घराच्या पडवीपासून मोठ्या शेडपर्यंत असे कारखाने आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती वाळते, घासून गुळगुळीत होते, पांढरा हात घेते. मग तिला अंगाचा रंग चढतो, पितांबर आणि शेला रंगतो, दागिन्यांवर सोनेरी फिरते. एवढे सगळे होईपर्यंत ती माती असते. मग आखणीचा कारागीर समोर बसतो. बारीक कुंचल्याने डोळ्यांच्या कडा, बुबुळे आणि भुवया काढतो आणि मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र पुढे चतुर्थीला म्हटले जातात. परंतु घरी आणलेल्या गणपतीकडे पाहून 'हा आपला वाटतो' असे जे आपण म्हणतो, त्याचे श्रेय बहुतांशी आखणीच्या हाताला असते.

तो हात कोणाचा होता हे मूर्तीवर कोठेही लिहिलेले नसते. अशा कारागिराला 'धार्मिक चित्रकार' म्हणावे असे आपल्याला सुचतही नाही. प्रस्तुत लेख मात्र ज्यांना हे नाव निःसंकोच देता येईल अशा एका चित्रकाराविषयी आहे. आंजेलो द फोन्सेका हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म गोव्यातला, आयुष्याचा मोठा भाग पुण्यातला. त्यांच्याकडे मी कलासमीक्षक म्हणून वळलो नाही. तो माझा अधिकारही नाही. मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. पेण आणि रोहा येथील दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शिकवत असताना भाषेविषयीचा एक प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याचे उत्तर मला फोन्सेकांच्या चित्रांत अधिक स्पष्टपणे दिसले.

आधी प्रश्न सांगतो. आमची संपर्क सत्रे रविवारी असतात; एका रविवारी पेणला, दुसऱ्या रविवारी रोह्याला. पेणहून दिवा–रोहा गाडीत बसले की कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकून गाडी कुंडलिकेकाठच्या रोह्याला पोहोचते. रोह्याच्या वर्गात धाटावच्या रासायनिक कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले विद्यार्थी असतात. पेणच्या वर्गात दुकानात काम करणारे, अंगणवाडीत काम करणाऱ्या आणि गणपतीच्या कारखान्यांत हातभार लावणाऱ्या स्त्रिया असतात. बहुतेकांच्या घरची बोली आगरी, कोळी किंवा खेड्यातली कोकणी वळणाची मराठी. ही माणसे बोलू लागली की ऐकत राहावे असे वाटते. परंतु गृहपाठाचे कागद हाती आले की तीच माणसे ओळखू येत नाहीत. 'माझा अनुभव' या विषयावर चाळीस जणांनी लिहिलेले चाळीस निबंध एकाच मार्गदर्शकातून उतरवल्यासारखे असतात. त्यांत सूर्य 'उगवत' नाही, 'क्षितिजावर अवतीर्ण' होतो. खाडी, भात, मिठागर, रंगाचा वास यांतले काहीही त्यांत नसते.

एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले होते, "सर, आमी बोलताव तसा लिवला त चालल का?" तिचे वय चाळिशीच्या आसपास. ती कारखान्यात आखणी करते. प्रश्न विचारताना ती हसत होती, पण वर्गातल्या बाकीच्यांचे हसू थांबले होते. हा प्रश्न त्या सर्वांचा आहे हे माझ्या लक्षात आले.

तो माझाही होता. माझी आई धरमतर खाडीकडच्या गावातली. ती पाण्याला 'पानी' म्हणे आणि साडीला 'सारी'. पदवीच्या शिक्षणासाठी मी शहरातल्या एका महाविद्यालयात गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गात उभे राहून वाचताना माझ्या तोंडून असाच एक उच्चार गेला. अध्यापक हसले म्हणून वर्ग हसला. पुढच्या काही महिन्यांत मी माझे उच्चार एकेक करून बदलले. आईला यातले कोणी काही सांगितले नव्हते. तरीही माझे सहकारी घरी येऊ लागल्यावर ती चहा ठेवून आत जाऊ लागली. एरवी दारात बसून तासन्‌तास बोलणारी ती बाई माझ्या पाहुण्यांपुढे 'हो' आणि 'नाही' एवढेच बोले. भाषा माणसाला गप्प कशी करते, हे मी भाषाविज्ञानाच्या ग्रंथांत पुढे वाचले. पाहिले होते ते आधी घरीच.

आता त्या 'सारी'चीच थोडी तपासणी करू. संस्कृतात 'शाटी' किंवा 'शाटिका' हा वस्त्रवाचक शब्द आहे. प्राकृतात त्यातल्या दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' झाला आणि आपल्याला 'साडी' मिळाली. आगरी बोलीत त्याच जागचा 'ड' पुढे 'र' झाला आणि 'सारी' झाली. हा बदल एका शब्दापुरता नाही. घोड्याचा 'घोरा' होतो, गाडीची 'गारी' होते. म्हणजे हा नियम आहे. प्रमाण मराठीनेही याच जागी आपला स्वतंत्र नियम चालवलेला आहे. संस्कृत 'गुड'चा आपण 'गूळ' केला, 'षोडश'चे 'सोळा' केले, 'दाडिम'चे 'डाळिंब' केले, 'तडाग'चे 'तळे' केले. स्वरांमधल्या 'ड'चा 'ळ' केला तर ते शुद्ध आणि 'र' केला तर ते अशुद्ध, असे ठरवणारा कोणताही नियम ध्वनिशास्त्रात नाही. पाण्याचेही तसेच आहे. मूळ संस्कृत शब्द 'पानीय'; त्यातल्या 'न'चा 'ण' आपण केला. आगरीतले 'पानी' थेट संस्कृतातून आलेले नाही हे खरे; पण त्याला हसणाऱ्याने 'पाणी' हेही एका बदलाचेच फळ आहे हे ध्यानात ठेवायला हवे.

मग 'प्रमाण' कोठून येते? १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले. पाठोपाठ शालेय पुस्तके आली. या सर्वांमागे प्रामुख्याने पुण्याकडच्या शिक्षितांची भाषा होती. शासन, छापखाना आणि शाळा यांनी ती सर्वदूर पोहोचवली. यात काही पाप झाले असे नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाला लेखनाची एक सामाईक भाषा लागतेच. परंतु त्या भाषेची जन्मकथा विस्मरणात गेली आणि एका प्रदेशातली, एका वर्गाची बोली ही भाषेचे मूळ, निर्मळ रूप आहे असे वाटू लागले. बाकीच्या बोली मग तिच्या बिघडलेल्या प्रती ठरल्या.

नेमके हेच चित्रांच्या जगातही घडते, हे मला फोन्सेकांच्या आयुष्यावरून उमगले.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्याच्या तिसवाडी भागातील सांत इस्तेव या बेटावर, एका कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज सत्ता होती. तरुण वयात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली, पण ती वाट सोडून ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेले. तेथल्या युरोपीय वळणाच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान झाले नाही. ते बंगालमध्ये गेले आणि शांतिनिकेतनाच्या परिसरात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकले. बंगालच्या या चित्रकारांनी अजिंठा, मुघल आणि राजपूत लघुचित्रे, त्याचप्रमाणे जपानी चित्रकला यांचा अभ्यास करून युरोपीय शैलीहून निराळी अशी भारतीय चित्रभाषा घडवण्याचा प्रयत्न चालवला होता. १९०३च्या सुमारास कलकत्त्यात आलेल्या जपानी चित्रकारांमुळे तेथे जलरंगांची 'वॉश' पद्धत रुजली. या पद्धतीत रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की कागद पाण्याने धुवायचा, पुन्हा थर द्यायचा. असे अनेकदा केल्यावर रंग कागदावर बसलेला न वाटता कागदातून उमटलेला वाटतो. फोन्सेकांनी ही पद्धत आत्मसात केली.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीस ते गोव्यात परतले आणि जे शिकले होते त्यातून आपल्या श्रद्धेचे विषय रंगवू लागले. त्यांची मेरी साडी नेसलेली होती. डोक्यावर पदर, सावळा वर्ण, भारतीय बायकांसारखी बसण्याची ढब. येशूच्या जन्मप्रसंगात युरोपातला गोठा नव्हता. माणसे, वस्त्रे, वातावरण सगळे याच भूमीतले होते. हे पाहून गोव्यातल्या धर्मपीठाशी व सत्तेशी जवळीक असलेल्या मंडळींत रोष निर्माण झाला. पवित्र मातेला साडी नेसवणे त्यांना अवमान वाटला. त्यांच्या दृष्टीने मेरीचे वस्त्र ठरलेले होते, तिचा वर्ण ठरलेला होता आणि देव्हाऱ्यात बसवण्याजोगी चित्रे युरोपातून येत होती. फोन्सेकांना गोवा सोडावा लागला.

ज्या प्रकारच्या चित्रांमुळे हे घडले ती डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यांत भडकपणा नाही, आव्हान नाही. बाळाला घेतलेली एक शांत स्त्री आहे. राग आला तो चित्राच्या आशयाचा नव्हे. मेरीची भक्ती तर राग आलेल्यांइतकीच चित्रकाराच्या मनातही होती. राग आला तो उच्चाराचा. वर्गात 'पानी' म्हटल्यावर जे हसू उमटते, त्याच्याच जातीचा हा राग होता. अर्थ सर्वांना कळलेला असतो. पण तो या तोंडून, या रूपात येऊ नये असे ऐकणाऱ्याला वाटते.

आता मूळ मेरीचा विचार करा. ती पॅलेस्टाइनमधल्या एका साध्या ज्यू कुटुंबातली. तिचे हिब्रू नाव मिर्याम. ग्रीकात ते मारिया झाले, इंग्रजीत मेरी, मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मरीया. नावाप्रमाणेच तिचे रूपही गावोगाव बदलत गेले. पंधराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकारांनी तिला आपल्याकडच्या सुखवस्तू घरातल्या दालनात बसवले. खिडकीतून दिसते ते त्यांचे नगर. इटालियन चित्रकारांनी तिला आपल्याकडच्या टेकड्यांपुढे बसवले आणि आपल्याकडच्या स्त्रियांचे चेहरे दिले. त्यांतल्या कोणालाही आपण मेरीचे भाषांतर करत आहोत असे वाटले नाही. ती भाषांतरे जहाजांतून गोव्यात आली आणि येथे मूळ संहिता म्हणून पूजली गेली. फोन्सेकांनी नवे केले ते इतकेच, की भाषांतर आपल्या भाषेत केले.

आपल्या घरातही हेच घडलेले आहे. लक्ष्मी आणि सरस्वती म्हटले की डोळ्यांसमोर येणाऱ्या साडीतल्या देवता राजा रविवर्मा यांच्या चित्रांनी आणि १८९४ साली त्यांनी सुरू केलेल्या छापखान्याने घरोघर पोहोचवल्या. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. जुन्या शिल्पांतल्या देवतांची वस्त्रे अगदी निराळी आहेत. तरीही दोनतीन पिढ्यांत रविवर्म्यांची लक्ष्मी सनातन वाटू लागली. पेणच्या गणपतीचा चेहराही कोणीतरी कधीतरी ठरवलेला आहे आणि दर वर्षी आखणीचा हात त्यात थोडी भर घालतो.

गोवा सोडल्यावर फोन्सेका पुण्यात आले. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आश्रय मिळाला. मराठीच्या विद्यार्थ्यांनी या आश्रमाची पूर्वकथा अवश्य जाणून घ्यावी. रेव्हरंड जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९२२ साली अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे पुण्यात आश्रम उभा राहिला. हे विन्स्लो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे गृहस्थ. ते चरित्र १९२३ साली प्रसिद्ध झाले. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीच्या वळणाने गायली आणि 'ख्रिस्तायन' हाती घेतले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. 'स्मृतिचित्रे'मुळे त्या घराशी आपली ओळख आहेच. म्हणजे, मेरीला साडी नेसवली म्हणून गाव सोडावे लागलेल्या चित्रकाराला ज्या जागी आसरा मिळाला, त्या जागेच्या संस्थापकावर एका मराठी कवीचा संस्कार होता. टिळकांनी शब्दांत जे केले ते फोन्सेका रंगांत करत होते. दोघांची भेट झाली नाही. टिळक १९१९ सालीच गेले होते. परंतु कवीने केलेल्या कामाची सावली एका चित्रकाराला मिळाली, असे म्हणता येते.

या वाटेवरचे टिळकही पहिले नव्हेत. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येथली भाषा शिकून 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा त्याने 'पुराण' म्हणून सांगितली, छंद ओवीचा घेतला आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. म्हणजे फोन्सेकांच्या साडीतल्या मेरीपूर्वी सुमारे तीनशे वर्षे बायबल मराठीचे वस्त्र नेसून बसले होते. भाषेत जे मान्य झाले होते ते चित्रात अमान्य ठरले. याचे कारण मला असे वाटते, की शब्द बदलला तरी ऐकणारा मनात आपले जुने चित्र धरून ठेवू शकतो. चित्रच बदलले की धरायला काही उरत नाही.

रोह्याच्या विद्यार्थ्यांना मी आणखी जवळचे उदाहरण देतो. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ कोर्लई आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक क्रिओल भाषा अजून बोलली जाते. चौलच्या परिसरातली पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली, भाषा मात्र राहिली. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, पण मराठीच्या दीर्घ सहवासाने वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची झाली आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. कोणी तिला 'मोडकी पोर्तुगीज' म्हणेल. भाषावैज्ञानिक तिला स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा म्हणतो.

क्रिओल म्हटले की कॅरिबियन बेटांची आठवण येणे स्वाभाविक आहे. हैतीमध्ये बहुजनांची भाषा क्रिओल. तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा १९८७च्या राज्यघटनेने दिला. पण त्याआधी सुमारे पस्तीस वर्षे हैतीच्या चित्रकारांनी आपली बोली चर्चच्या भिंतीवर नेली होती. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथील सेंट ट्रिनिटी या एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या, कॅथेड्रलमध्ये १९५०–५१ साली कॅस्टेरा बाझिल, फिलोमे ओबँ, विल्सन बिगो आदी चित्रकारांनी बायबलमधले प्रसंग रंगवले. त्यांत माणसे हैतीतली, काळ्या वर्णाची. काना गावचे लग्न हैतीतल्या लग्नासारखे. फोन्सेका पुण्यात आणि हे चित्रकार हजारो मैलांवर, एकाच सुमारास, एकच काम करत होते. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात ते कॅथेड्रल कोसळले. चौदांपैकी तीन भित्तिचित्रे वाचली.

पुण्यातले फोन्सेकांचे आयुष्य बाहेरून पाहता शांत होते. ते चित्रे काढत राहिले; जलरंगांत, टेम्परात, साध्या पेन्सिलीने. १९५१ साली आयव्ही मेनेझिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या चित्रांतल्या मेरीच्या चेहऱ्यात पत्नीचा चेहरा मिसळू लागला. युरोपातल्या थोर चित्रकारांनीही ओळखीच्या स्त्रियांचे चेहरे मेरीला दिले होते. त्यामुळे मला यात नवल वाटत नाही, जवळीक वाटते. प्रसिद्धी मात्र त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक चित्रकारांच्या चर्चेत ते बसत नव्हते, कारण त्यांचे विषय धार्मिक होते. धार्मिकांच्या चौकटीत बसत नव्हते, कारण त्यांची शैली भारतीय होती. दोन घरांचा पाहुणा उपाशी राहतो, तसे हे झाले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने डिसेंबर १९६३मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात दोन गोष्टी आहेत. एक, उपासनेत लॅटिनऐवजी लोकभाषा वापरण्यास मोकळीक. दोन, कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून स्वीकारलेली नाही आणि सर्व जनसमूहांच्या कलेला उपासनेत स्थान आहे, अशी भूमिका. भाषेची मोकळीक आणि चित्राची मोकळीक एकाच दस्तऐवजात यावी, हा मला योगायोग वाटत नाही. ज्या कामासाठी फोन्सेकांनी गाव सोडले, त्याला त्यांच्याच धर्मसंस्थेच्या सर्वोच्च परिषदेने सुमारे तीस वर्षांनी मान्यता दिली. ते तेव्हा साठीत होते. १९६७च्या डिसेंबरात पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने चित्रे जपून ठेवली. पुढे त्यांतला मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेला. चित्रकाराला परतता आले नव्हते, त्याची चित्रे परतली.

पेणच्या वर्गात मी फोन्सेकांच्या एका मेरीचे छापील चित्र नेले आणि कोणाचे, कशाचे हे न सांगता सर्वांच्या हाती दिले. आखणी करणाऱ्या विद्यार्थिनीने ते बराच वेळ पाहिले. "ही त आपलीच बाय हाय," ती म्हणाली. मग तिने डोळ्यांवर बोट ठेवून सांगितले, की पापणी खाली झुकवलेली दाखवायची तर रेघ एका दमात यावी लागते, हात मध्ये थांबला की नजर तुटते. या माणसाचा हात थांबलेला नाही. चित्र ख्रिस्ती आहे हे कळल्यावर तिने ते बाजूला ठेवले नाही. उलट, मेरीला साडी नेसवण्याबद्दल कोणाला राग का यावा, असे तिने विचारले. मी म्हणालो, "तुमच्या 'सारी'चा लोकांना जसा राग येतो, तसा."

त्यानंतरच्या गृहपाठात तिने आखणीविषयी लिहिले. निवेदन प्रमाण मराठीत होते. सासूने तिला आखणी शिकवतानाची वाक्ये सासूच्याच बोलीत होती. 'क्षितिज' आणि 'अवतीर्ण' त्यात नव्हते. चतुर्थीच्या आधीच्या रात्री कंदिलाच्या उजेडात सासूने डोळे कसे आखले, हे मात्र होते. अन्य एका परीक्षकाने त्या बोलीतल्या वाक्यांना लाल शाईने अधोरेखित करून गुण वजा केले. मी फेरतपासणीची टिपणी लिहिली. ती मान्य झाली की नाही हे हा मजकूर छपाईला जाईपर्यंत कळलेले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की प्रमाण भाषा नीट शिका. कोकणातला अर्ज विदर्भातल्या कचेरीत वाचला जायचा असेल तर ती लागते. ती सर्वांची चावडी आहे. तिचा द्वेष करून बोलीचे भले होत नाही. दुसरा भाग असा, की ती शिकताना आपल्या तोंडच्या भाषेची लाज शिकू नका. कथेत, आठवणीत, संवादात, जेथे माणूस उभा करायचा आहे तेथे त्याची बोली येऊ द्या. मात्र बोलीत लिहिणे म्हणजे सैल लिहिणे, असा समज करून घेऊ नका. फोन्सेकांनी मेरीला साडी नेसवली ती लहर म्हणून नव्हे. त्याआधी त्यांनी दोन अभ्यासक्रम सोडले होते, घरापासून दूर जाऊन गुरू शोधले होते, कागद धुण्याची आणि पुन्हा रंगवण्याची शिस्त हाताला लावली होती. बोलीलाही तेवढीच शिस्त लागते. कोणता ध्वनी कोठे बदलतो, कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, वाक्य कोठे थांबते, हे कान देऊन ऐकावे लागते. घरी कोणी वडीलधारे माणूस गप्प राहत असेल तर सुरुवात तेथून करता येईल. त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलते करा आणि ते म्हणतील तसे उतरवून घ्या.